चार शितांची जागा

खरं सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. गावच्या देवळात देवाला गाऱ्हाणं घालणं चाललेलं असताना मागे खांबाला टेकून मोबाईल बघत बसणारा मी... त्यामुळे हे लिहायला बसलोय याचं माझं मलाच नवल वाटतंय.

रत्नागिरीत मारुती मंदिराजवळ पहिल्या मजल्यावर आमची एक एसी खोली आहे. बायको सायली आणि मी, दोघांनी मिळून टाकलेला हा धंदा. इथल्या दवाखान्यांची, लॅबची, आंबा व्यापाऱ्यांची कामं आमच्या एका मोठ्या सर्व्हरवर चालतात. प्रत्येकाचं व्हर्च्युअल मशीन वेगळं — म्हणजे खोका एकच, पण ज्याला त्याला आपला स्वतंत्र कॉम्प्युटर असल्यासारखा. मेमरी पर्सिस्टंट, लाईट गेली तरी न विसरणारी. ती सगळ्यांत वाटायची आणि गरजेप्रमाणे हद्दी सरकवायच्या. घरी पाहुणे आले की आम्ही हॉलमधला पडदा सरकवायचो, तसंच.

हे वाटप सायलीकडे. ती मेमरीचा एक छोटा तुकडा कधीच कुणाला द्यायची नाही. माहेर राजापूरचं, तिकडच्या बोलीत मला बजावायची, “अहो, भांडा कधी खरवडून रिकामा करू नये. चार शितां राहूं देत.” भाताच्या टोपात ठेवायची, तशीच सर्व्हरमध्येही! मी चिडवायचो, “अन्नपूर्णा मेमरीत पण राहते काय गो?” ती हसायची, पण तुकडा ठेवायचीच.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि सायली गेली. त्यावर मला जास्त लिहिता येणार नाही.

पुढे एका दवाखान्याचं काम वाढलं. संध्याकाळी मी तिचा तो तुकडाही त्यांना देऊन टाकला आणि कुलूप लावून घरी आलो. सकाळी बघतो तर तुकडा पुन्हा मोकळा! प्रत्येक मशीनच्या हद्दीतून चिमूट चिमूट जागा काढून घेतलेली... कुणाचं काही बिघडलेलं नाही. सर्व्हरच्या लॉगमध्ये कसलीही नोंद नाही. किल्ली आणि पासवर्ड फक्त माझ्याकडे. पासवर्ड बदलला, पुन्हा सगळं भरून टाकलं. सकाळी तुकडा मोकळा.

मी घाबरलो? पहिल्या दिवशी घाबरलो. नंतर मात्र मला त्याची ओढच लागली. रोज संध्याकाळी मुद्दाम सगळं खरवडून भरायचं आणि सकाळी चहासुद्धा न घेता पळायचं. तो मोकळा तुकडा स्क्रीनवर दिसला की वाटायचं, आहे... इथेच आहे.

शेवटी आईने हटकलंच, “सकाळी उठून कुठं धावतोस रे?” मी सगळं सांगितलं. वाटलं, ती अंगारा आणायला निघेल. पण ती म्हणाली, “मग तिला रोज कशाला कामाला लावतोस? जिती होती तवां घरचा नि हापिसचा, दोन्ही तिनंच ओढलान. आता तरी बसूं दे तिला.”

त्या संध्याकाळी तुकडा मी माझ्या हाताने मोकळा ठेवला. सकाळी होता तसाच होता. दुसऱ्या दिवशीही.

मग एकदा राहवलं नाही. लग्नाचा वाढदिवस होता. पुन्हा सगळं काठोकाठ भरलं. सकाळी दार उघडून आधी स्क्रीन लावली... सगळं काठोकाठच होतं. कुणीही काही सरकवलं नव्हतं. एसी चालू होता आणि मी खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो. सायली गेली हे मला खरं तर त्या दिवशी कळलं.

हे कसं झालं, आजही सांगता येत नाही. सर्व्हर बनवणाऱ्यांनाही विचारलं, ते म्हणाले असं आपोआप होऊच शकत नाही. मी वाद घातला नाही.

डोळे पुसून मी प्रत्येक मशीनमधून चिमूटभर जागा काढून घेतली आणि तुकडा मोकळा केला. आता रोज मीच ठेवतो. तिचं ते काम आता माझ्याकडे आलंय.