जिनिंगमधली पाहुणी

दिग्रसच्या रस्त्याला आमचं जिनिंग आहे. तिथे आग हा शब्द कोणी उच्चारत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, संडास कुठे आहे हे कळायच्याही आधी. कापसाच्या धुळीने डोळे लाल झाले होते, म्हणून मी म्हणाले, "डोळ्यायची नुसती आग होऊन राह्यली, बाप्पा." माझी थोरली जाऊ शेजारीच उभी होती. तिनेच मला कामाला लावलं होतं. तिने रुई चिकटलेला हात सरळ माझ्या तोंडावर दाबला.

"चुरचुर होते म्हण," ती म्हणाली. "ते नाव इथं घ्याचं नाई. इथं तिले पाहुणी म्हणतात."

बांगडी फुटली तर वाढली म्हणणारे आम्ही लोक. शेतात साप दिसला तर जनावर दिसलं म्हणतो. मग आगीला पाहुणी म्हटलं तर बिघडलं कुठे? तरी मला राग आला. माझ्या माहेरी शकुन-अपशकुन मानत नाहीत. विहारात बसून, प्रश्न विचारा, हेच ऐकत मी मोठी झाले, दहावी पास झाले. पण इतक्या बायांत एकटीनं शहाणपणा कोण करणार? आठ दिवसांत माझ्याही तोंडी तोच शब्द बसला. मग घरी गॅस पेटवतानासुद्धा मी आग म्हणेनाशी झाले.

जिनिंगमध्ये कापसातून सरकी निघते आणि रुई मागच्या गोदामात जाऊन पडते. मी मशीनवर कापूस टाकायची. जाऊ गोदामात असायची. कमरेएवढ्या रुईत उभं राहून ती रुई ओढायची आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसकडे लोटायची. गोदामाला दोनच वाटा होत्या. एक आमच्या मशीनकडून आणि दुसरी मागे, लोखंडी दाराची. त्या दाराबाहेर निंबाचं झाड होतं. बाया अधूनमधून तिथे जाऊन दोन श्वास घेऊन येत.

त्या हंगामात नवा मॅनेजर आला. माणूस शहरातला, पुस्तकातलं मराठी बोलणारा. कोणी पाणी प्यायला हलली की हा घड्याळ बघणार. बाथरूमला जायचं तर मुकादमाला विचारायचं, आणि मुकादम पुरुष. नाकाला बांधायचे मास्क एकदा आले होते. ते बांधून आमचे फोटो काढले आणि संध्याकाळी मास्क परत गोळा केले. हे सगळं आम्ही गिळलं. मग एका सकाळी मागच्या दाराला कुलूप दिसलं. किल्ली त्याच्या केबिनच्या ड्रॉवरमध्ये.

"दार उघडं असलं की बायका बाहेर," तो म्हणाला. "काम करायला येता की हवा खायला?"

मला त्या कुलपाची पहिल्या दिवसापासून भीती वाटत होती. कापसात खिळे येतात, गिट्टी येते. मशीनच्या रुळात एखादा खिळा सापडला की टक् असा आवाज होतो आणि कधीकधी त्यासोबत ठिणगी. ती रुईबरोबर मागे गोदामात जाते. त्या वर्षी तो आवाज फार यायचा. इस्त्रीखाली कापड करपावं तसा वास दुपारभर नाकात राहायचा. जाऊने तीनदा अशी ठिणगी तळहाताखाली दाबून मारली. संध्याकाळी ऑटोत ती हळूच सांगायची, "आज पाहुणी येऊन गेली वं," आणि हसायची. मला हसू येत नव्हतं. माझी नजर तिच्या हाताकडे जायची.

मी मॅनेजरला सांगून पाहिलं. "साहेब, वास येऊन राह्यला. करपल्यावानी."

"कापसाला वास असतोच. माल येतोय तोवर मशीन थांबणार नाही."

शेवटी बायांनी ठरवलं की अर्ज द्यायचा. लिहिणारी मीच. जेवणाच्या सुट्टीत वहीचं पान फाडून मी लिहायला घेतलं: मागचे दार कामाच्या वेळेत उघडे ठेवावे. पुढच्या ओळीत मी आ लिहिला, तोच जाऊने माझा हात धरला.

"कागदावर तं बिलकुल नको. लिवलेलं राह्यते."

"बाई, त्याले समजन कसं मंग?"

"सगळ्यायले समजते. त्याले काहून समजणार नाई?"

मी भांडू शकत होते. भांडले नाही. मी आ खोडला आणि लिहिलं: पाहुणी आल्यास बायांना निघायला वाट नाही. सगळ्यांनी खाली सह्या केल्या, काहींनी अंगठे दिले.

मॅनेजरने अर्ज उभ्याउभ्याच वाचला आणि हसत सुटला. "पाहुण्यांनी पुढच्या दाराने यावं! आणि कामाच्या वेळेत कशाला येतात?" मुकादमही हसला. त्याला अर्थ माहीत होता, तरी हसला. मग आम्हीही हसलो, मी सगळ्यात आधी. साहेब हसला की हसायचं, ही सवय अंगात किती मुरली आहे ते मला तेव्हा दिसलं आणि माझीच मला लाज वाटली. तरी अर्थ काही मी सांगितला नाही.

त्यानंतर पंधरा दिवसही गेले नसतील. जेवण करून आम्ही नुकत्याच मशीनवर आलो होतो. टक् झालं. एकदा, मग लगेच पुन्हा. वास आला तो करपल्याचा नव्हता, त्याच्या पुढचा होता. मी मागे वळून पाहिलं तर गोदामाच्या तोंडाशी रुईवरून पिवळी रेघ पळत होती. रुई अशी पेटते. आधी वरच्या वर पळते, मग आत शिरते. आमच्या बाजूची वाट धुराने बंद झाली. जाऊ पलीकडे होती.

मी केबिनकडे धावले. मॅनेजर फोनवर बोलत होता.

"साहेब, पाहुणी आली! मांगं पाहुणी आली, किल्ली द्या!"

त्याने बोट वर केलं. थांबा.

"साहेब, पाहुणी!"

फोनवर हात ठेवून तो वैतागून म्हणाला, "अहो, मग गेटवर बसवा ना तिला. सुट्टी झाल्यावर भेटा."

मी तिथे उभी होते आणि मला तो दुसरा शब्द सापडत नव्हता. आज कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दोन अक्षरांचा शब्द, लहान लेकरालाही येतो. जीभ तिकडे जायलाच तयार नव्हती. नळाखाली एक कळशी भरायला लागतो तितका वेळ गेला असेल. मग तो तोंडातून निघाला, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "आग! आग लागली, आग!"

तो किल्ली घेऊन पळाला. दार उघडलं तेव्हा जाऊ दाराला आतून टेकलेली होती. ते लोखंडी दार तापलं होतं आणि ती ते दोन्ही हातांनी बडवत राहिली होती.

ती वाचली. यवतमाळच्या दवाखान्यात दोन्ही हात कोपरापर्यंत गुंडाळून पडली होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "दार उघडाले इतका वेळ काहून लागला वं? मले वाटलं तू गेलीस निंघून."

मी म्हणाले, "किल्ली सापडत नोती, बाई."

चौकशीला आलेल्या साहेबांनाही तिने तेच सांगितलं. मॅनेजरने मान हलवली. हो, गडबडीत किल्ली सापडेना. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. त्या खोट्यात मी आणि तो एका बाजूला होतो. माझ्या अर्जाचं नाव ना त्याने काढलं, ना मी.

दसऱ्यानंतर जिनिंग पुन्हा सुरू झालं. गोदामाला नवा पत्रा, मागच्या दाराला नवं कुलूप. जाऊच्या हातांच्या जखमा भरून आल्या होत्या. घरी बसून भागण्यासारखं नव्हतं, म्हणून ती माझ्यासोबत निघाली. गेटवर हजेरीचं नवं मशीन बसवलं होतं, बोट लावायचं. तिने अंगठा लावला. मशीनचा दिवा लाल झाला. तिने तो पदराला पुसला, त्यावर फुंकर मारली, पुन्हा लावला. मग एकेक करून दहाही बोटं लावली. तिच्या बोटांवर आता रेषाच नाहीत. कातडी गुलाबी आणि गुळगुळीत झाली आहे.

"मावशी, मशीन घेत नाही तं मी काय करू?" गेटवरचा माणूस म्हणाला.

मॅनेजर बाहेर आला. त्याने तिचे हात पाहिले. "नियम सगळ्यांना सारखा," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तुम्ही लावा. मागे रांग आहे."

जाऊ बाजूला सरकली. मला वाट देण्यासाठी सरकली. तेव्हा तरी मी सगळ्यांसमोर बोलायला हवं होतं, वेळ कशामुळे गेला ते.

माझा अंगठा पहिल्याच वेळी लागला. मी आत गेले.