दुपारी राहिलेली ब्रेकची चाचणी

कसबा पेठेतलं माझं दुरुस्तीचं दुकान अजून उघडतं, ते आता निव्वळ सवयीने. एक गोष्ट मात्र सांगून टाकायला हवी.

बऱ्याच वर्षांपूर्वी खडकवासल्याकडचा एक जण सोसायट्यांमधली झाडं कापून उतरवायचा. त्याच्या चेनसॉची साखळी मशीन मंद चालत असतानाही फिरत राहायची. क्लचच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या होत्या. मी त्या बदलल्या आणि सगळं रॉकेलने धुतलं. ब्रेकचा पट्टा तिथेच, क्लचच्या डब्याभोवती असतो. मशीन उसळलं की पुढची दांडी मनगटाने ढकलली जाते, पट्टा आवळतो, साखळी जागच्या जागी थांबते. पण पट्ट्यावर तेल राहिलं तर तो घसरतो, आणि हे मशीन भरधाव चालवून दांडी ढकलल्याशिवाय कळत नाही.

भर दुपार होती. आमच्या गल्लीत एक ते चार मशीन चालवायचं नाही. समोरच्या निवृत्त मास्तरांची झोप मोडली तर आठवडाभर टोमणे. मी बंद मशीनचीच दांडी ढकलली, खट् आवाज आला, आणि मशीन देऊन टाकलं.

दुसऱ्याच दिवशी फांदी कापताना ते उसळलं. साखळी थांबली नाही. त्याचा डावा खांदा कायमचा गेला. मशीन परत माझ्याकडे आलं तेव्हा पट्टा तेलकट होता. मी तो पुसला आणि विचारणाऱ्यांना सांगितलं, त्यानेच काहीतरी छेडछाड केली असणार. मास्तरांनी ते ओळखीच्या चार सोसायट्यांत पोचवलं. त्याला तिथे पुन्हा कोणी बोलावलं नाही.

इतक्या वर्षांनी परवा तो पुन्हा क्लचच्याच कामाला आला. आता मशीन त्याचा भाऊ चालवतो, हा खाली दोर धरतो. काम संपलं तेव्हा दोन वाजले होते. गल्लीचा नियम त्याला ठाऊक होता, चारला येतो म्हणाला. मी त्याला थांबवलं, मशीन सुरू केलं, पूर्ण वेगात नेलं आणि दांडी ढकलली. साखळी थांबली.

मास्तर गॅलरीत आले. "अहो, कसब्यात जंगल उगवलं का?"

मी मशीन बंद केलं. "मास्तर, हे त्या वेळी करायचं होतं. मी केलं नाही. पट्ट्यावर तेल माझ्याकडूनच राहिलं होतं. यांनी काही छेडछाड केली नव्हती."

"मग इतकी वर्षं मी काय सांगत हिंडलो?"

माझ्या शेजारी उभा असलेला तो झाडंवालाच म्हणाला, "मिस्त्री, हितं सांगून काय उपेग हाय? जिथं माझं नाव गेलं तिथं सांगा."

काल मास्तर आणि मी पहिल्या सोसायटीचे तीन जिने दम खात चढलो. तिथले अध्यक्ष नवे. त्यांना ना तो माणूस माहीत, ना अपघात. तरी मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ बघत ऐकलं.

मास्तर उतरताना एवढंच म्हणाले, "उद्या दुसरी. लिफ्ट असलेली बघू." अजून तीन राहिल्यात. पाय साथ देतील याची खात्री नाही, म्हणून हे लिहून ठेवलं.