डाव्या हाताचं बटण

मंडळी, आज इंदिरा नगरच्या मार्केटात बायकोला पिनबॉल खेळायला नेलं. लकव्यानंतर हिचा डावा हात ढिला पडलाय, व्यायाम म्हटलं की चिडते.

या मशीनला दोन्ही बाजूंना एकेक बटण असतं, दाबलं की आतली पट्टी उचलली जाते आणि खाली येणारा बॉल वर मारते. आधी मी खेळलो. मी फौजी माणूस, बटणं धडाधड दाबली, मशीनला धक्का मारला. धक्का मारलेला चालत नाही, म्हणून मशीनने पट्ट्याच बंद केल्या, बॉल खाली गेला.

"फौजी, कुस्ती नाहीये ही," बायको म्हणाली.

मग तिने डावं बटण दाबलं आणि दाबूनच ठेवलं. उचललेल्या पट्टीवर बॉल येऊन थांबला. बोटं थरथरत होती. मी धरायला गेलो.

"अहो, हटो ना."

बॉल शांत झाल्यावर तिने बटण सोडलं, बॉल टोकाकडे घरंगळला, पुन्हा दाबून नेमका वर मारला.

सहा महिने व्यायामाला मीच तिची बोटं धरून दाबतोय, तिला स्वतःहून करूच दिलं नाही. चुकलंच माझं. तुम्हीपण असंच करता का?