मॅडमनी लावलेली जोडी

शेजारच्या वर्गाच्या मॅडम कुणालाही "हाव सर" म्हणतात आणि स्वतःला पटेल तेच करतात. लोह्याजवळच्या आमच्या शाळेत दुपारी मोठी पोरं लहानांना वाचून दाखवतात. त्या जोड्या मॅडमच लावतात. यंदा पहिलीतली एक चिमुरडी त्यांनी चौथीतल्या मुलीकडे दिली. त्या मुलीला स्वतःलाच धड वाचता येत नाही.

"जोडी बदला मॅडम," मी म्हणालो.

"हाव सर," म्हणाल्या. बदलली नाहीच.

परवा व्हरांड्यात ती मोठी मुलगी पहिलीच्या पुस्तकावर बोट ठेवून अक्षरं जुळवत होती. लहानगी मन लावून ऐकत होती. मॅडम मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "चौथीच्या पोरीला पहिलीचं पुस्तक हातात घ्यायला काही तरी बहाणा पाहिजे न्हाई का, सर?"

मी "हाव मॅडम" म्हणालो आणि मीही पाठ फिरवून उभा राहिलो.