वहिनींचा अँप्लिफायर

वहिनींच्या चमच्यांच्या स्टँडमध्ये उलथन्याशेजारी पक्कड असे. आचोळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत वेगळ्या टेबलाला जागा नव्हती, म्हणून भात चढवला की त्याच ओट्यावर त्या सोल्डरिंगचे डाग देत बसत. फोडणीत सोल्डरच्या राळेचा वास मिसळला की माझा थोरला भाऊ पेपरामागून म्हणे, ‘आज आमटीत कपॅसिटर दिसतोय.’

‘खाऊन बघा, आवाज सुधारेल,’ वहिनी म्हणत.

हे सगळं त्या माहेरी, भुईगावला, वडिलांच्या हाताखाली शिकल्या. नवा अँप्लिफायर जोडला की गाणं लावण्याआधी त्या कान देऊन नुसती शांतता ऐकत. जराशी गुणगुण आली तरी पुन्हा सगळं उघडायचं. ‘रिकामा असताना बडबडतो, तो गाणं काय ऐकवणार?’ हेच त्या सोसायटीच्या सेक्रेटरींबद्दलही म्हणत.

माझं काम मुंबईहून सामान आणण्याचं आणि पेटी उचलण्याचं. सोसायटीच्या गणपतीसाठी त्यांनी केलेला अँप्लिफायर मंडपात मीच नेला, वायरी मीच जोडल्या. तो मीच बनवला असं सगळ्यांनी धरलं आणि आरतीनंतर मला शाल-नारळ दिला. मी घेतला. समोर बसून वहिनी टाळ्या वाजवत होत्या. पुढे लोक बिघडलेले रेडिओ माझ्याकडे आणू लागले आणि मी ते गुपचूप ओट्यावर ठेवू लागलो. वहिनी दुरुस्त करून देत. फक्त दर थंडीत विचारत, ‘भाऊजी, शाल ऊबदार आहे ना?’

ती शाल मी कधीच अंगावर घेतली नाही.

आता त्यांची नात काचेच्या पेटीत रंगीत दिव्यांचा कॉम्प्युटर जोडते. वहिनींनी विचारलं, ‘डाग कुठे द्यायचा गं?’

‘आजी, यात डाग नसतो. नुसतं दाबून बसवायचं.’

‘म्हणजे साखरपुडाच. लग्न नाही.’

यंदा सोसायटीने चाकांचा ब्लूटूथ स्पीकर घ्यायचं ठरवलं. जुना अँप्लिफायर भंगारात जाणार होता. त्याआधी, शेवटच्या आरतीनंतर, मी त्याच्याच माइकसमोर उभा राहिलो. ‘हा सुमनवहिनींनी बनवला. तुमचे रेडिओही त्यांनीच दुरुस्त केले. मी फक्त ओझं वाहिलं.’

वहिनींना हल्ली कमी ऐकू येतं. ‘काय म्हणाले गं?’ त्यांनी नातीला विचारलं. तिने कानाशी वाकून सगळं सांगितलं. मी घरून आणलेली शाल त्यांच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजत होत्या. वहिनींनी शालीचं टोक नाकाशी नेलं.

‘ऊबदार आहे हो,’ त्या म्हणाल्या. ‘पण डांबरगोळ्या फार घातल्यात, भाऊजी.’