शकूताईच्या स्ट्रॉबेरीसाठी मुळशीला

मुळशीला लोक धरण बघायला जातात, भजी खायला जातात. आम्ही दोघं बहीणभाऊ ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात तिथे स्ट्रॉबेरीची रोपं आणायला गेलो होतो. त्या दिवशी बसलेला धक्का अजून ताजा आहे, म्हणून एवढ्या वर्षांनी हे लिहायला बसलोय.

माझी थोरली बहीण शकूताई शाळेत विज्ञान शिकवायची आणि उरलेला सगळा वेळ एकाच खुळात घालवायची. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी थंडीची लाडकी. पण मुळशीसारख्या ठिकाणी, जिथे दुपारी हिवाळ्यातही घाम येतो, तिथे गोड फळ देणारं वाण तिला तयार करायचं होतं. एका जातीच्या फुलातले पराग कुंचल्याने दुसऱ्या जातीच्या फुलावर लावायचे, बी धरायचं, पेरायचं. बियांपासून आलेली रोपं भावंडांसारखी, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. चार हिवाळे नुसती आंबट फळं खाऊन आमच्या घरातल्यांचे दात आंबले. पाचव्या हिवाळ्यात एका रोपाला तिथल्या उकाड्यातही मधासारखी फळं आली. त्या रोपाला जमिनीवरून सरपटणारे दोरे फुटले, आणि दोऱ्यावरची पिल्लं मात्र हुबेहूब आईसारखी निघतात. अशी वीसेक पिल्लं झाली. जगात ती तेवढीच.

"सुध्या, रविवारी मुळशीला चल," ती म्हणाली. "तिथला पाऊस सुरू झाला की रोपं कुजतील. त्याआधी घरी आणायची."

दहावीचे पेपर तपासण्यात तिचा एप्रिल आणि अर्धा मे गेला होता. दीड महिना तिचं तिकडे जाणं झालं नव्हतं.

स्वारगेटहून सकाळची पहिली एसटी पकडली. माझ्या मांडीवर फळांचं रिकामं खोकं, त्यात ओलं गोणपाट. हिच्या हट्टापायी रविवारची झोप गेली म्हणून मी धुमसत होतो. आता पिरंगुटला सिग्नलवर गाड्या तुंबतात. तेव्हा घाट उतरताना खिडकीतून नुसती करपलेली शेतं दिसायची आणि कंडक्टर ओळखीच्या माणसासाठी बस कुठेही थांबवायचा. पौडच्या स्टँडवर उतरून मिसळ खाल्ली. तर्री अशी की माझ्या डोळ्यांतून पाणी. जाणार असाल तर पौडलाच खाऊन घ्या, पुढे आमच्या वेळी काही मिळत नव्हतं. तिथून दुसरी गाडी, आणि फाट्यावर उतरून अर्धा तास चाल. छत्री न्यायला विसरू नका, पावसासाठी नव्हे, उन्हासाठी.

रोपं होती ताराबाईंच्या शेतात. ताराबाई म्हणजे ताईच्या शाळेतल्या शिपायाची बहीण. घराशेजारचा, काटेरी कुंपण घातलेला वाफा त्यांनी ताईला वापरायला दिला होता. रोपांची देखभालही त्याच करायच्या.

आम्हाला बघून त्या धावत आल्या. "आलात व्हय ताई! या, वाफा बगा आदी. लई झ्याक केलाय."

कुंपणाच्या आत राख होती. काळीभोर, मऊ, नीट सारखी केलेली राख. एक हिरवं पान नाही.

मला आधी काही कळेचना. ताई खाली बसली आणि तिने राखेवर हात ठेवला.

"राब भाजला तुमच्यासाठी," ताराबाई कौतुकाने सांगत होत्या. "श्येण, पाला, कवळं, समदं थरावर थर. आता हितं काय बी पेरा, तण म्हनून उगवायचं न्हाई."

मावळात भाताचं रोप टाकण्याआधी शेण, पाला आणि फांद्यांच्या मोळ्या, म्हणजे कवळं, पेटवून जमीन अशी भाजतात. पिढ्यान्‌पिढ्या भाजतात. स्वतःच्या भाताच्या आधी त्यांनी ताईचा वाफा भाजला होता.

"आणि रोपं?" मी ओरडलोच.

"वाळून ग्येली की वं. हीर आटली. घागरी घागरीनं आठ दिस घातलं पानी, मंग न्हाई जमलं. प्यायालाच कोसभर जावं लागतंय."

पानं वाळली तरी कोंब हिरवा असला तर स्ट्रॉबेरीचं रोप पुन्हा फुटतं. ताईने अगदी हळू विचारलं, "मधला कोंब? तोही वाळला होता?"

"मदी बारीक हिरवं व्हतं एकादुसऱ्यात. पर त्यात काय जीव ऱ्हातोय? उपटून राबातच घातली."

मग त्या आत गेल्या आणि फडक्याची पुरचुंडी घेऊन आल्या. त्यात ताईने रोपांशेजारी रोवलेल्या, आकडे कोरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या होत्या. घासून, धुऊन, तारेत ओवलेल्या. "तुमच्या पाट्या तेवढ्या संभाळून ठिवल्यात. त्या कशाला जाळायच्या?"

माझं डोकं फिरलं. पाच वर्षं गेली, काय केलंत तुम्ही हे, असं म्हणायला मी तोंड उघडलं तर ताईने माझं मनगट असं दाबलं की नखं रुतली. ती उठली, पुरचुंडी घेतली आणि म्हणाली, "राब छान भाजलाय हो ताराबाई."

वर तिने जेवायचा आग्रहही मोडला नाही. तांदळाची भाकरी, सुकटाची चटणी. ती दोन भाकऱ्या जेवली. मी भाकरीचे तुकडे करत बसलो.

परतीच्या बसमध्ये मी भडकलो. "सांगितलं का नाहीस? त्यांना कळायला नको?"

"कळून काय होईल? पिल्लं फुटली तेव्हाच चार घरी आणून ठेवायची होती. सगळी एका वाफ्यात ठेवली मी. एप्रिलमध्ये एकदाही गेले नाही मी. त्यांनी आपलं पिण्याचं पाणी घातलं रे रोपांना." मग पुण्यापर्यंत ती खिडकीकडे तोंड करून रडत होती. खोकं मी मांडीवर तसंच धरून बसलो होतो.

ती हरली नाही. त्याच वाफ्यात पुढे सात हिवाळे तिने पुन्हा पराग लावले, पेरलं, चाखलं. ते रोप काही पुन्हा आलं नाही. ताराबाई गेल्या, त्यांना शेवटपर्यंत यातलं काही कळलं नाही.

आता जानेवारीत मुळशीच्या रस्त्याला टपऱ्यांवर ताजी स्ट्रॉबेरी मिळते. मी दरवर्षी तिच्यासाठी आणतो. ताई ऐंशीच्या पुढे गेली आहे. डोळे मिटून एक फळ खाते, चावत राहते, मग डबा बाजूला सारते. "ही नव्हे."

आणि दरवर्षी मला विचारते, कारण ती सोडून ते फळ खाल्लेला माणूस म्हणजे आता मी एकटाच. "सुध्या, तुला आठवते ना रे ती चव?"

त्या पाचव्या हिवाळ्यात तिने ते फळ घरी आणलं, त्या दिवशी गप्पा मारता मारता मी ते तोंडात टाकलं होतं आणि गिळलं होतं. मला काहीही आठवत नाही.

"आठवते की," मी म्हणतो.