मुसळाच्या ठोक्यावर फ्रेंच

ईरा, नील, काल इथे कर्जतला शेजारच्या घरी मिरची कांडली. तो ठसका लागला आणि भिवपुरीच्या आमच्या जुन्या क्वार्टरमधली एक दुपार आठवली.

दुसऱ्या दिवशी माझी फ्रेंचची तोंडी परीक्षा होती. उच्चारांसाठी मी रोज घरात फ्रेंच धड्यांची कॅसेट लावायचे. क्रियापदांच्या रूपांचे पेन्सिलीने तुकडे पाडून मी त्यातलं प्रत्येक अक्षर ठणठणीत वाचत होते, "इल पार-लेंत," म्हणजे ते बोलतात.

ओट्यावर माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या पणजी, मिरची कांडत होत्या. त्यांनी शाळा पाहिलेली नव्हती.

"सूनबाई, शेवट कशाला बोलतेस गं? कॅसेटमधली बाई तर बोलत नाय."

आणि मुसळाच्या एकेका ठोक्यावर त्यांनी म्हटलं, "नू पार-लों, वू पार-ले, इल पार्ल."

थेट कॅसेटसारखं, शेवटचं मुकं 'एंत' न उच्चारता! मी पेन्सिलीने ती शेवटची अक्षरं खोडली.

"रोज कानावर पडतंय," त्या हसल्या. "मला पन वाचायला शिकवशील का गं?"

"परीक्षा झाल्यावर, आई."

त्यांच्यामुळेच मी परीक्षेत पहिली आले. त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मला आठवलंही नाही. त्यानंतर पंधरा वर्षं त्या माझ्याच घरात होत्या. काल हे लक्षात आलं. शेवटपर्यंत त्या सगळ्या कागदांवर अंगठाच उठवत राहिल्या, आणि तो अंगठा धरून कागदावर टेकवणारी मीच होते.